तोललेली मोळी

"जशीच्या तशी हाय," गोकुळाबाई अभिमानानं म्हणाल्या. "एक काडी इकडची तिकडं झाली नाई. पाहून घ्या."

हेडाऊ साहेबांनी कापसाच्या सुक्या पऱ्हाटीची मोळी काट्याच्या आकड्याला अडकवली, काटा उचलून धरला आणि मान वाकडी करून पाहिलं. मग चष्मा काढून शर्टाला पुसला आणि परत पाहिलं. काल होती तेवढीच.

"बाई, काल सैपाक केला का नाही?"

"केला तं. नऊ मानसं हायत घरी. काय हवा खाऊन राह्यले का?"

"कशावर केला?"

"आमच्या पऱ्हाटीवर."

"मग ही कोणाची?"

"तुमची नाई का?" वही धरून शेजारी उभ्या असलेल्या माझ्याकडं गोकुळाबाईंनी पाहिलं. माणूस शिकलेला आहे ना नक्की, असं त्या नजरेत होतं. "तुमी काट्यावर घेतली, लाल चिंधी बांधली. तोललेला माल घरचा राह्यते काय कधी? कापूस काट्यावर चढला का तो शेटजीचा. म्या तं पोराइले सांगतलं, हात लावान तं पाहा. कोंबडी बसली होती वरतं, तेबी हाकलली."

साहेब काटा धरून तसेच उभे राहिले. कोंबडीबद्दल धन्यवाद द्यावेत की काय, असा त्यांचा चेहरा झाला होता.

पुढच्या घरी तीच गत, त्याच्या पुढच्या घरीही तीच. प्रत्येकीनं मोळी ओसरीवर, पाहुण्याच्या सामानासारखी जपून ठेवलेली. एका घरी तर ती वजनाला भरली जास्तच. तिथल्या म्हातारीनं वर दोन मुठी टाकल्या होत्या, साहेबाला कमी पडू नये म्हणून.

ही गोष्ट गावात गॅस यायच्या आधीची. हेडाऊ साहेब नागपूरच्या एका संस्थेकडून आले होते. शेतातल्या काडीकचऱ्यावर वीज करायचा कारखाना आमच्या भागात चालेल का, ते त्यांना पाहायचं होतं. कापूस वेचून झाला की वावरात पऱ्हाटी उभी राहते, तुरीच्या तुराट्या राहतात, सोयाबीनचं कुटार राहतं. त्यातलं चुलीत किती जातं, ढोरांच्या पोटात किती, कुडाला-कुंपणाला किती, आणि हे सगळं जाऊन खरंच उरतं किती, एवढाच त्यांचा प्रश्न. "नुसतं विचारलं तर लोक म्हणतात, लय उरते साहेब, पेटवून देतो," ते सांगायचे. "म्हणून मी विचारत नाही, तोलतो." रीत साधी होती. प्रत्येक घरी एक मोळी तोलायची, खूण बांधायची, उद्यापर्यंत फक्त तीच जाळा म्हणायचं, आणि दुसऱ्या दिवशी उरलेली तोलायची. जेवढी घट तेवढा चुलीचा खर्च. कारखाना पुढं आलाच नाही, ते वेगळं.

त्यांना काटा वाचून आकडे लिहिणारं कोणीतरी गावातलं हवं होतं. सरपंचांच्या बायकोनं माझं नाव सांगितलं. माझी शाळा सातवीपर्यंत. पुढचं शिक्षण मी किराण्याच्या पुड्यांच्या कागदांवर केलं. पण तेव्हा मला बोलावलं ते अक्षर चांगलं म्हणून नव्हे. मी रिकामी होते, आणि रडत नव्हते. घरोघर सोबत न्यायला अशी बाई बरी पडते.

निघताना गोकुळाबाईंनी माझा पदर धरला.

"रत्नमाला, शुक्रवारी भाऊ येऊन राह्यला म्हनते तुले न्याले?"

"हो."

"मंग हे लिहिनं-बिहिनं कायले?"

"शुक्रवार येईपर्यंत हाताला काही लागते ना."

"अन् बुढीचं? सासूचं तुह्या?"

मी पदर सोडवून घेतला. ते ठरवायची मला घाई नव्हती. त्या दिवसांत मला कशाचीच घाई नव्हती.

शाळेच्या ओट्यावर बसून साहेब स्वतःशीच हसले. "चूक माझी. चिंधी बांधायलाच नको होती." मग त्यांनी मला परत घरोघर पाठवलं. मी सांगत गेले, मोळी तुमचीच आहे, जाळायसाठीच तोलली आहे, जाळा. बायका म्हणायच्या, "आमचीच आहे तं मंग तोलली कायले?" जाळा म्हणजे झालं, असं म्हणून पुढं जायचे.

संध्याकाळी परत आले तेव्हा त्यांनी यादी पुढं केली. "तुमचं घर राहिलं यात. उद्या घेऊ."

"आमच्याकडं दोन घरं आहेत," मी म्हणाले.

"दोन दारं आहेत का?"

"दार एक. चुली दोन."

"मग दोनच," ते म्हणाले. "आमच्या कागदात घर म्हणजे चूल. एका चुलीवर जेवतात ते एक घर, भिंती कितीही असोत. दुसरी चूल कोणाची?"

"सासूची."

त्यांनी लिहून घेतलं. आणखी काही विचारलं नाही. बाहेरगावच्या माणसाचा हा एक फायदा असतो.

भादव्यात माझे मालक गेले. अंगणात पऱ्हाटीची गंजी होती, त्यांनीच उन्हाळ्यात उपटून, वाहून आणून रचलेली. तिच्यात नाग शिरलेला होता. सांजेला त्यांनी काड्या काढायला हात घातला आणि तो डसला. मी निंदणाहून आले तेव्हा अंगणात माणसं उभी होती आणि कोणीतरी बैलगाडी जुंपत होतं. नाल्याला पूर होता. गाडी पलीकडं जाईपर्यंतच सगळं संपलं होतं.

तेरवीपर्यंत घरची चूल पेटली नाही. रीतच आहे तशी, जेवण शेजारपाजारचे आणून देतात. तेरवी झाल्यावर गोकुळाबाईंनी येऊन आमची चूल पेटवून दिली. मी भाकरी टाकल्या, आत्याबाईंचं, म्हणजे सासूचं, ताट वाढलं. त्यांनी ते हातानं बाजूला सारलं. "माही चूल अलग कर," म्हणाल्या.

दुपारपर्यंत त्यांनी गड्याला लावून अंगणाच्या मधोमध तुराट्यांचा कूड उभा करून घेतला. घराच्या भिंतीपासून निघून तो थेट गंजीपर्यंत गेला. पलीकडं जायचं तर गंजीला वळसा घालूनच. मी का म्हणून विचारलं नाही. मला वाटलं, कळलंच आहे. ज्या घरातला जवान मुलगा जातो, त्या घरात सुनेच्या पायांकडं पाहतात. त्यांना मी नजरेसमोर नको होते. नको तर नको. तेव्हा मीही स्वतःला फारशी हवी नव्हते.

माणसांनी काठ्यांनी झोडपूनही गंजीतून नाग निघाला नव्हता. त्यानंतर तिला कोणी हात लावला नाही. आमचं वावर वाट्यानं कसणारा बटईवाला नवी पऱ्हाटी आणून टाकायचा, थोडी माझ्याकडं, थोडी आत्याबाईंकडं. आम्हा दोघींचं त्यावर भागायचं.

बुधवारी साहेब आमच्या अंगणात आले आणि गंजी पाहून खूश झाले.

"वा! ही सगळी तुमची? एवढी खणखणीत सुकलेली पऱ्हाटी अख्ख्या गावात पाहिली नाही. वर्षाची तरी असेल." आणि ओल किती आहे ते पाहायला म्हणून, एक काडी मोडायला त्यांनी हात पुढं केला.

"हात नको लावू तिले!"

आवाज कुडाच्या पलीकडून आला. कित्येक दिवसांत मी तो ऐकला नव्हता. गंजल्यासारखा झाला होता. साहेबांचा हात तसाच हवेत राहिला.

"साहेब, तिथं नाग डसला होता," मी म्हणाले. "माझ्या मालकांना." काट्यावरचा आकडा सांगावा तसं सांगितलं.

त्यांनी हात मागं घेतला आणि दुसऱ्या हातात धरून ठेवला, जणू तो त्यांचा नव्हताच. मग ते म्हणाले, "दुरूनच मोजतो." टेप लावून लांबी-रुंदी घेतली. "वापरत नाही म्हटल्यावर हिला शिल्लकमध्ये टाकावं लागेल, बाई. म्हणजे कारखान्याला देण्याजोगी."

"टाका."

"आणि हा कूड बांधकामात."

"टाका."

माझी मोळी तोलली. मग साहेब गंजीला दुरून वळसा घालून पलीकडं गेले. मी अलीकडंच थांबले. तुराट्यांच्या फटीतून पातळाचा रंग तेवढा दिसत होता. साहेबांनी तिथून आकडा ओरडून सांगितला, मी इकडं लिहिला. चिंधी त्यांनी या वेळी दुसऱ्या कोणाच्याच मोळीला बांधली नाही, फक्त आमच्या दोघींच्या मोळ्यांना बांधली. आमच्याकडं लहान-मोठ्या मोळ्या एकत्र पडल्या होत्या, ओळखू यायला हवं होतं. "मावशी, हीच जाळा बरं का," असं ते दोनदा म्हणाले.

संध्याकाळी मी माझ्या चुलीपाशी बसले. दोन काड्या मोडून पेटवल्या. त्यावर ओलसर गोवरीचा तुकडा ठेवला. गोवरी ओलसर असली की जाळ कमी आणि धूर पुष्कळ. तो छपरातून वर गेला, बाजूला पसरला. मग मी मागं सरून बसले.

माझा सैपाक तो एवढाच असायचा. गावात घराची खबर धुरावरून लागते. धूर दिसला नाही की कोणीतरी येतं, विचारतं, मग रडावं लागतं. त्यापेक्षा धूर बरा. भूक लागायची नाही असं नाही. लागायची, पण दुसऱ्या कोणाला लागल्यासारखी, दुरून. पिठाचा डबा उघडायचे, हात परातीपर्यंत जायचे आणि तिथंच थांबायचे. मग मूठभर मुरमुरे खायचे. गोकुळाबाई काही पाठवायच्या त्यातलं अर्धं कुत्र्याला.

त्याच वेळी कुडापलीकडूनही धूर निघायचा. रोज, नेमानं, माझ्यापेक्षा दाट. मी तो पाहत बसायचे. बुढीचं बरं आहे, पोटचा गेला तरी वेळच्या वेळी रांधते, असं मनात यायचं. खरं तर राग यायला हवा होता. तोही आला तर आला, नाही तर नाही.

गुरुवारी सगळीकडं आकडे नीट आले. गोकुळाबाईंची मोळी तर संपूनच गेली होती. "तुमची पुरली नाई, मंग घरची घातली," त्यांनी तक्रार केली. "अन् लवकर पेटत नाई तुमची."

"ती तुमचीच होती बाई," साहेब म्हणाले.

"हो ना, म्हनूनच सांगून राह्यली."

साहेब बाहेर येऊन बराच वेळ हसत होते. मीही हसायला पाहिजे होतं, असं मला नंतर वाटलं.

दुपार कलल्यावर आमच्या अंगणात आलो. त्यांनी माझी मोळी आकड्याला अडकवली. काटा जवळजवळ कालच्याच जागी थांबला. घटली होती ती मूठभर.

"काय रांधलं होतं काल?" त्यांनी विचारलं.

"वरण, भाजी, भाकर."

"एवढ्याशात?"

"एकटीच तर आहे मी."

ते काटा घेऊन गंजीला वळसा घालून पलीकडं गेले. जरा वेळानं तिकडून आकडा आला. मी लिहिला. मग वरच्या ओळीकडं पाहिलं. मोळ्या वेगळ्या होत्या, त्यांची वजनं वेगळी होती. घट मात्र तेवढीच. मूठभर.

कुडापलीकडं साहेब विचारत होते, "मावशी, काय रांधलं होतं काल?"

"वरन, भाजी, भाकर."

तेच तीन शब्द, त्याच क्रमानं.

साहेब परत आले आणि उंबऱ्याशी उभे राहिले. काटा हातात खालीवर करत होते. "बाई, एवढ्यात चहासुद्धा धड होत नाही. काटा बिघडला म्हणावा तर गोकुळाबाईंकडं बरोबर होता." त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही, याचं मला बरं वाटलं. "हे आकडे आज पक्के करत नाही. उद्या सकाळी निघायच्या आधी परत तोलतो. राहिलेल्या घरी मी एकटा जातो. तुम्ही थांबा."

ते गेले. मी थोडा वेळ अंगणात उभी राहिले. मग गंजीपासून अंग चोरून, वळसा घालून पलीकडं गेले. कूड घातल्यापासून पहिल्यांदा.

आत्याबाई कुडाला पाठ लावून बसल्या होत्या. फटीतून रंग दिसायचा, आकार दिसायचा नाही. आकार फारसा उरलाच नव्हता. पातळ घडी करून ठेवावं तशा त्या दिसत होत्या. चूल सारवलेली होती. गंज-पातेली पालथी घातलेली. तवा भिंतीला टेकवलेला, आणि त्याच्यावर तांबडा जंग चढलेला. चुलीत माझ्या चुलीत होता तसाच ओलसर गोवरीचा तुकडा, अर्धा काळा.

"काऊन आली इकडं?"

"साहेबांनी तोललं."

"त्याले काय करा लागते. वीज करतो म्हने तो. कर म्हना."

"आत्याबाई, काय खाता तुम्ही?"

"गूळ हाय. दाने हायत." मग जरा थांबून, "तू काय खातं?"

"मुरमुरे."

"धूर तं रोज काढतं."

"तुम्हीपण काढता."

त्यांनी मान वर केली. एकमेकींकडं आम्ही त्या दिवशी पाहिलं ते किती महिन्यांनंतर, ते मला सांगता येणार नाही.

"मले वाटे तू रांधून राह्यली," त्या म्हणाल्या. "वास काऊन येत नाई मग, असंबी वाटे. पन म्हटलं आपलं नाक गेलं."

"मग तुम्ही धूर कशाला काढायच्या?"

"तुले वाटलं पाह्यजे ना, बुढी जेवली. नाईतं ताट घेऊन येशीन."

"आणलं असतं तर काय झालं असतं?"

त्यांनी चुलीतल्या राखेत बोटानं रेघ ओढली, पुसली, परत ओढली.

"तुह्या हातचं मी कोन्या तोंडानं खाऊ वो?"

मी उभीच होते. मग खाली बसले.

"त्या दिशी तू निंदाले गेलती," त्या म्हणाल्या. "भुरभुर पानी होतं. मले च्याची तलफ आली. तो नुकताच आलता वावरातून, पाय धुवून राह्यला होता. म्या मनलं, मोरू, दोन काड्या काढून दे बापा, कोरड्या पाहून. च्या मांडतो." त्यांनी राखेतून बोट काढलं. "पाय बी पुसू देले नाई मी त्याले."

गंजीवर एक साळुंकी येऊन बसली होती. ती उडेपर्यंत मी तिच्याकडं पाहत राहिले. आतून काहीतरी येईल म्हणून वाट पाहिली. राग येईल, रडू येईल. काही आलं नाही. एकच गोष्ट विचारावीशी वाटली.

"च्या झाला होता का?"

"नाई. पानी ठेवलं होतं चुलीवर. आटलं."

बोलून झाल्यावर त्यांनी पदरानं चूल झाडली, जी झाडायची काही गरज नव्हती.

"तू शुक्रवारी जाय," त्या म्हणाल्या. "उद्याच हाय ना शुक्रवार? जाय. तुहं वय काय. माह्यासंगं कायले मरतं. म्हनूनच तं अलग केली चूल, तुले जाता यावं म्हनून. एका चुलीतून मानूस लवकर निंगत नाई."

"पीठ आहे का?" मी विचारलं.

"कशाचं?"

"कशाचंही."

"डब्यात हाय. सोंडे-किडे झाले असतीन."

मी उठून परत गंजीला वळसा घातला, माझ्या बाजूला आले. ज्वारीचं पीठ चाळलं. त्यालाही जाळी धरली होती, पण निवडून निघालं. तुरीची डाळ पाखडली, गंजात घातली. मीठ कुठं ठेवलं ते सापडेना. सापडलं. हे सगळं माझे हात करत होते, मी बघत होते. परातीत पीठ, वर डाळीचा गंज, कडेला मिठाचा पुडा. ते सगळं उचलून मी बाहेर आले तेव्हा सूर्य बुडाला होता आणि अंगणातला उजेड जायला लागला होता. दोन्ही हात गुंतलेले होते, पायाखालचं दिसत नव्हतं. मी गंजीच्या दिशेनं निघाले.

"तिकून नको येऊ!"

मी थांबले.

"तिकून नको येऊ, पोरी, अंधार पडून राह्यला. तथीच उभी राह्य."

कूड करकरला. मला वाटलं वारा. मग मधली एक तुराटी हलली, खाली सरकली आणि पलीकडं ओढली गेली. मग तिच्या शेजारची. माती सुकून घट्ट झालेली, काथ्याची बांधणी आवळलेली. म्हातारी एकेक तुराटी दोन्ही हातांनी पिळून, मोडून ओढत होती. दम लागला की थांबायची, मग परत. मी परात धरून उभी होते. माझ्या हातांना रग लागली, ती मला जाणवली. बऱ्याच दिवसांनी मला माझं काहीतरी दुखलं.

भगदाड माणूस वाकून जाण्याएवढं झालं, तेव्हा त्यातून त्यांचे हात बाहेर आले. बोटं रक्ताळली होती.

"आन इकडं," त्या म्हणाल्या. "मीठ घेतलं काय?"

"घेतलं."

मी वाकून आत गेले.

सकाळी हेडाऊ साहेब सामानाची पिशवी खांद्याला लावूनच आले. अंगणात एक लाल चिंधी पडली होती. ती त्यांनी उचलली.

"मोळी कुठं गेली?"

"जळाली," मी म्हणाले. मी आत्याबाईंच्या चुलीपुढं बसले होते, कोपरापर्यंत पीठ.

"सगळी?"

"रात्री भाकरी, वरण. सकाळी आंघोळीचं पाणी. चहा." चहा आत्याबाईंनीच मांडला होता. काड्या मी दिल्या होत्या.

दुसरी मोळी अर्धीमुर्धी भगदाडापाशी पडली होती. ती त्यांनी तोलली. मग भगदाडाकडं पाहिलं, चुलीशेजारी रचलेल्या मोडक्या तुराट्यांकडं पाहिलं, आणि कागद बाहेर काढले.

"हे मला परत लिहावं लागेल. कूड मी बांधकामात टाकला होता."

"चुलीच्या जयतनात टाका," आत्याबाई म्हणाल्या. त्या माझ्यामागं बसून डाळ घोटत होत्या.

"सगळाच?"

"सगळाच. आज नाई तं उद्या."

"आणि गंजी? ती शिल्लकमध्येच राहू द्यायची ना?"

घोटणं थांबलं. "ते पहिले न्या म्हना," आत्याबाई म्हणाल्या. "कारखाना निंगाला का पहिली गाडी इथी धाडा."

साहेबांनी मान डोलावली आणि लिहिलं. पेन्सिल तशीच कागदावर ठेवून विचारलं, "आणि घरं? दोन का एक?"

मी भाकरी तव्यावर टाकत होते, आत्याबाई फुंकणीनं जाळ फुंकत होत्या. साहेबांनी वर छपराकडं पाहिलं, मग माझ्या बाजूच्या छपराकडं पाहिलं. तिथं धूर नव्हता. खिशातून खोडरबर काढला.

ते निघून गेल्यावर थोड्याच वेळात माझा भाऊ आला. बंडूदादा. हातात रिकामं पोतं, माझं सामान भरायला. "रत्ने, आवरलं का? गाडी थांबवून आलो रस्त्यावर." बोलता बोलता त्याला कूड दिसला, मग त्या भगदाडातून मी दिसले.

आत्याबाईंनी ताट वाढलं. माझ्यापुढं ठेवलं. दुसरं वाढलं ते त्याच्यासाठी, आणि बसायला पोतं त्याच्याच हातातून घेऊन खाली टाकलं.

"जेवून जाय, दादा," मी म्हणाले.

तो पोत्याकडं पाहत राहिला. "अन् तू?"

मी भाकरीचा तुकडा मोडला. गरम होता, बोट भाजलं.

"मी जेवून राह्यली ना," मी म्हणाले.